कोंबडीची ओळख : जुन्नर-आंबेगाव परिसरातील खूण, नोंद आणि नाममुद्रा

पुण्यामुंबईच्या दुकानांतील शीतपेटीतून उचललेल्या कोंबडीच्या पाकिटावर आज पुष्कळ मजकूर छापलेला असतो. विक्रेत्या संस्थेचे नाव, तिचा पत्ता, चौदा अंकी परवाना क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किंमत, तुकडीचा क्रमांक, पॅकिंगचा दिनांक आणि मांसाहाराची तपकिरी खूण इतक्या गोष्टी त्या तळहाताएवढ्या जागेत बसविलेल्या असतात. एक गोष्ट मात्र तेथे नसते. ती कोंबडी कोणत्या गावी, कोणाच्या छपराखाली वाढली हे त्या मजकुरावरून कळत नाही. ती ओतूरची असो, बेल्ह्याची असो वा घोडेगावची असो, पाकिटाला त्याचे सोयरसुतक नाही. ही उणीव केवळ छपाईची नव्हे. खूण कशासाठी करावयाची याविषयीच्या कल्पना बदलत गेल्या, आणि त्या बदलांचा हा शेवटचा परिणाम होय.

प्राण्यावर वा मालावर खूण करण्याचे हेतू प्राचीन काळापासून तीन प्रकारचे दिसतात. वस्तू कोणाची हे सांगणारी खूण स्वामित्वाची होय. काल दाखविलेली वस्तू आणि आज दाखविलेली वस्तू एकच आहे, मध्ये अदलाबदल झालेली नाही, हे सिद्ध करणारी खूण अभिन्नतेची म्हणता येईल. माल कोठून आला व कोणत्या प्रतीचा आहे हे सांगते ती उगमाची खूण. व्यवहारात हे तीनही हेतू एकमेकांत मिसळलेले असतात. तथापि त्यांचा वेगवेगळा विचार केल्याशिवाय कोंबडीच्या बाबतीत काय घडले याचा उलगडा होत नाही.

जुन्नरचा परिसर या विचारास विशेष सोयीचा आहे. कल्याण बंदरापासून नाणेघाटाने देशावर चढणारा मार्ग येथेच येतो, आणि घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा होता अशी परंपरागत समजूत आहे. शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा व मानमोडी या डोंगरांतील लेण्यांत जे दानलेख आहेत, त्यांतील बहुतेकांची रचना ठराविक आहे: दात्याचे नाव, त्याचा पिता, कुल वा गाव, व्यवसाय, दिलेली वस्तू आणि शेवटी ते ‘देयधर्म’ असल्याचा उल्लेख. इरिल, चिट व चंद हे यवन, अडुथुम हा शक, नहपानाचा वत्सगोत्री अमात्य अयम हे सर्व या रचनेतूनच ओळखीचे झाले आहेत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिले. बांबूकाम करणाऱ्यांच्या व कांस्यकारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या गेल्या. दानलेखाला मालावरील चिठ्ठी म्हणणे अर्थातच अतिरेकाचे होईल. परंतु वस्तूबरोबर देणाऱ्याचे नाव व गाव कायमचे जोडले जावे, ही अपेक्षा येथील दगडात दोन हजार वर्षांपूर्वी कोरली गेली आहे, एवढे नमूद करण्यास हरकत नाही.

मध्ययुगात खुणेचा प्रश्न घोड्याभोवती फिरतो. अकबराने १५७३-७४ च्या सुमारास घोड्यांना डाग देण्याची व स्वारांचे चेहरे लिहून घेण्याची पद्धत नेटाने अमलात आणली. तिचे कारण सैनिकी होते तितकेच हिशेबाचेही होते. एकच घोडा दोन सरदारांनी आपापल्या हजेरीत दाखवावा, चांगला घोडा दाखवून मागाहून तट्टू ठेवावे, हा त्या काळचा सर्वश्रुत लबाडीचा प्रकार होता. डागाने स्वामित्व सिद्ध होई, परंतु त्याचा मुख्य उपयोग अभिन्नतेसाठी होता. जुन्नरला या विषयात एक स्वतःची आठवण आहे. ३० एप्रिल १६५७ च्या रात्री शिवाजी महाराजांनी दोराच्या शिड्या लावून या शहराचा तट ओलांडला आणि तीन लाख होन, दोनशे घोडे, शिवाय कापड व जडजवाहीर हस्तगत केले. मोगलांच्या पागेतील घोडा स्वराज्याच्या पागेत आला म्हणजे जुना डाग मालकीचा पुरावा न राहता केवळ त्या घोड्याच्या पूर्वेतिहासाची खूण होऊन राहतो. खुणेचा अर्थ तिच्या मागे उभ्या असलेल्या सत्तेवर अवलंबून असतो, हे यावरून ध्यानात येते.

घोडा, बैल, उंट यांच्या खुणा दप्तरात शिरल्या. कोंबडी मात्र दप्तराबाहेरच राहिली. इंग्रजी अमदानीतील कायदे पाहिले तरी हेच आढळते. १८७१ च्या कोंडवाड्याच्या कायद्यात ‘गुरे’ या शब्दाची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. तीत हत्ती आहे, उंट आहे, गाढव, खेचर, डुक्कर, मेंढरू, करडू सारे आहेत, कोंबडी नाही. दुसऱ्याच्या वाफ्यात शिरलेल्या कोंबडीला कोंडवाड्यात नेता येत नसे आणि म्हणून तिच्या रंगाची वा खुणेची सरकारी नोंदही होत नसे. १८६० च्या दंडसंहितेचे ४२८ वे कलम जनावर मारण्याच्या वा पंगू करण्याच्या आगळिकीबद्दल होते. पण ते जनावर दहा रुपये वा अधिक किमतीचे असले पाहिजे, अशी त्यात अट होती. काही आण्यांना मिळणारी कोंबडी या उंबरठ्याच्या अलीकडेच राहिली. गंमत अशी की ही दहा रुपयांची मर्यादा शतकाहून अधिक काळ तशीच राहिल्यामुळे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुपयाची किंमत घसरत गेली तसतशी कोंबडी आपोआप कायद्याच्या कक्षेत येऊन बसली. १ जुलै २०२४ पासून ती संहिताच इतिहासजमा झाली.

कायद्याने दुर्लक्षिलेल्या या पक्ष्याला गावाने मात्र चांगले ओळखले होते. कुकडी, मीना, पुष्पावती व घोड या नद्यांच्या वरच्या अंगाला, महादेव कोळी व ठाकर वस्त्यांत, तसेच पूर्वेकडील कुणब्यांच्या वाड्यांतून कोंबडी ही बहुतकरून घरातील स्त्रीच्या ताब्यातील मत्ता असे. तिची ओळख प्रथम रंगाने: तांबडी, काळी, काबरी, करडी. मग वयाने व अवस्थेने: पिल्लू, तलंग, अंड्यावरची, खुडूक. उलट्या पिसांची म्हणजे तर देवाधर्माच्या व मांत्रिकाच्या उपयोगाची, तिची किंमत निराळी. एवढ्याने भागले नाही तर पायाला रंगीत चिंधी वा दोरा बांधावयाचा, पंखाला रंग लावावयाचा, नाहीतर नखाचे टोक छाटावयाचे. कोंबडी वाट्याने देण्याची जी रीत होती, म्हणजे कोंबडी एकीची, सांभाळ दुसरीचा आणि पिल्ले निम्मी निम्मी, तीत अशा खुणेला विशेष महत्त्व येई. तंटा उद्भवलाच तर सर्वांत विश्वसनीय साक्ष खुद्द पक्ष्याची असे. दिवेलागणीला कोंबडी ज्या खुराड्याकडे वळेल ते तिचे घर. डालग्याखाली झाकलेल्या पिल्लांना ही साक्ष देता येत नसे, म्हणून पिल्लांचे तंटे अधिक.

येथे एक भाषिक योगायोग सांगण्यासारखा आहे. कोंबड्यांचा जो साथीचा रोग माना वाकड्या करून खुराडीच्या खुराडी रिकामी करतो, त्याला मराठीत मानमोडी म्हणतात. जुन्नरच्या दक्षिणेकडील लेणी असलेल्या डोंगराचेही नाव मानमोडीच. तथापि डोंगराचे नाव लेखांतील ‘मानमुकुड’ या जुन्या रूपाशी जोडलेले असल्याने त्याचा कोंबडीशी काडीमात्र संबंध नाही. रोगाला शास्त्रीय ग्रंथांत राणीखेत हे नाव मिळाले, ते १९२७-२८ च्या सुमारास हिमालयातील त्या गावी त्याची नोंद झाल्यामुळे.

खुणेच्या इतिहासातील पुढचे वळण शास्त्रीय पैदाशीबरोबर आले. डेन्मार्कमधील व्हीबोर्ग येथील शिक्षक हान्स क्रिस्टियन मॉर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक असलेली ॲल्युमिनियमची कडी घालून सोडली, आणि पक्ष्याची वैयक्तिक नोंद ठेवण्याच्या पद्धतीला निश्चित रूप आले. कुक्कुटपैदाशीतही याच काळात अशा साधनांचा उपयोग वाढला. कोणती कोंबडी वर्षाला किती अंडी घालते हे समजल्यावाचून निवड करता येत नाही. म्हणून कोंबडी आत शिरताच दार पडणारी घरटी आली, पायात कडे आले, पंखाच्या कातडीत बसविलेला क्रमांकाचा बिल्ला आला. एक दिवसाच्या पिल्लाला कडे घालता येत नाही, कारण पाय वाढतो. त्यासाठी बोटांमधील पातळ पडद्याला बारीक छिद्र पाडण्याची युक्ती आहे. दोन पायांना मिळून असे चार पडदे असतात. प्रत्येकाला छिद्र असणे वा नसणे या दोनच शक्यता धरल्या तरी सोळा वेगवेगळ्या खुणा तयार होतात. सोळा कुळांची पिल्ले एकाच उबवणयंत्रातून काढून एकत्र वाढविली तरी ती पुढे वेगळी काढता येतात. नख छाटणाऱ्या गावातल्या बाईची आणि छिद्र पाडणाऱ्या शास्त्रज्ञाची युक्ती मुळात एकच आहे. फरक एवढाच की शास्त्रज्ञाच्या खुणेला जुळणारी एक ओळ वहीत असते.

पुणे जिल्ह्यात ही वहीची संस्कृती सरकारी कुक्कुटशाळेतून आली. खडकी येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र हे तिचे आजचे स्थान होय. व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड अशा परदेशी जाती प्रथम अशा सरकारी केंद्रांत आल्या आणि तेथून नर पक्षी, अंडी वा पिल्ले या रूपाने खेड्यांत गेल्या. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत अखिल भारतीय स्वरूपाचा कुक्कुटविकास कार्यक्रम हाती घेण्यात आला. केंद्रात कोंबडीला क्रमांक होता. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील वाडीत पोहोचताच तो क्रमांक निरर्थक होऊन ती पुन्हा ‘पांढरी’ होई. पिढीजात नोंद ठेवण्याची गरज पैदास करणाऱ्याला होती, पाळणाऱ्याला नव्हती. नोंदीचा अधिकार व पक्ष्याचा सांभाळ या दोन गोष्टींची फारकत येथेच सुरू झाली असे दिसते.

मालाच्या बाजूनेही याच सुमारास खुणेचा कायदा आला होता. १९३७ च्या कृषी उत्पादन वर्गवारी व अंकन कायद्याच्या मूळ अनुसूचीत फळे, भाज्या, दुग्धपदार्थ, तंबाखू, कॉफी, कातडी यांच्या जोडीला अंडी होती. जिवंत वा कापलेली कोंबडी नव्हती. ॲगमार्क या नावाने पुढे घरोघर माहीत झालेल्या या योजनेत अंडे प्रकाशासमोर धरून पारखावे, वजनाप्रमाणे वर्ग लावावा आणि वर्गाची खूण करावी अशी पद्धत होती. म्हणजे कोंबडीच्या आधी तिच्या अंड्याला सरकारी ओळख मिळाली. त्याचे कारण उघड आहे. अंडे फोडल्याशिवाय आतले कळत नाही, आणि जे कळत नाही तेथेच खुणेवर विश्वास ठेवावा लागतो. जिवंत कोंबडी गिऱ्हाईक हातात घेऊन, छातीचे हाड चाचपून, डोळ्यांची चमक पाहून विकत घेत असे. त्याला चिठ्ठीची गरज नव्हती.

१९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी स्थापन केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या संस्थेचे केंद्र पुढे पुण्यात आले आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती अस्तित्वात आली. अंड्याचा भाव दलालाऐवजी उत्पादकांनी जाहीर करावा या आग्रहातून ही समिती निघाली, हे विसरता येत नाही. उत्पादकाचे नाव बाजारात ऐकू यावे असा तो एक प्रयत्न होता. जुन्नर-आंबेगावला त्याच सुमारास दुसऱ्या दोन गोष्टींची साथ मिळाली. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांमुळे पाण्याची शाश्वती वाढली. आणि पुणे-नाशिक महामार्ग मंचर, नारायणगाव, आळेफाटा या क्रमाने तालुक्यांच्या मध्यातून जात असल्यामुळे माल रातोरात शहरात नेता येऊ लागला. आळेफाट्यावरून माळशेजमार्गे कल्याणकडे उतरणारी कोंबड्यांची गाडी नाणेघाटाच्या जुन्या वाटेपासून फार लांबून जात नाही. द्राक्षबागा व टोमॅटोच्या रानांच्या कडेला लांबट, जाळीच्या भिंतींच्या शेड उभ्या राहिल्या. कोंबडीखत शेतात गेले.

या शेडमध्ये एका पक्ष्याला ओळख नाही व असण्याचे कारणही नाही. हजारो पिल्ले एकाच दिवशी येतात, एकाच रंगाची, एकाच वंशाची असतात आणि सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास वजन झाले की एकदमच जातात. ओळखीचे एकक पक्षी न राहता तुकडी झाले. गावातील बाई ‘माझी तांबडी’ म्हणे. शेडवाला ‘चालू बॅच’ म्हणतो. करारपद्धतीत तर स्वामित्वही पालटले. पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची. जागा, शेड, वीज, पाणी व राबणे शेतकऱ्याचे. तुकडी उचलल्यावर किलोमागे संगोपनाचे शुल्क मिळते आणि ते मरतूक, खाद्याचा खप व भरलेले वजन यांवरून कमीजास्त होते. पक्षी आपल्या छपराखाली असूनही आपला नाही, ही स्थिती वाट्याच्या कोंबडीशी जुळणारी वाटते. पण वाट्याच्या रीतीत सांभाळणारीकडे निम्मी पिल्ले, म्हणजे पुढची पिढी, राहत असे. करारात पुढची पिढी राहत नाही. पक्ष्यावर कोठेही खूण नसताना त्याचे स्वामित्व इतके पक्के कधीच नव्हते, कारण ते आता पक्ष्यावर नव्हे तर कागदावर लिहिलेले आहे.

प्रक्रियाकेंद्रात काय घडते हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. पक्षी प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये भरून, उष्म्यामुळे बहुधा रात्री, आणले जातात. गाडीचे वजन होते. नंतर एकेक पक्षी पायांनी उलटा, फिरत्या साखळीच्या आकड्यात अडकविला जातो. मान कापणे, रक्त निथळणे, ऊन पाण्यात बुडविणे, रबरी बोटांच्या यंत्रात पिसे उपटणे, डोके व पाय वेगळे करणे, पोट फाडून आतील अवयव काढणे, तपासणी, बर्फगार पाण्यात थंड करणे, वजनाप्रमाणे निवडणे, तुकडे करणे आणि पाकिटात भरणे असा क्रम असतो. ताजे मांस शून्य ते चार अंश सेल्सिअसमध्ये आणि गोठविलेले उणे अठरा अंशांवर ठेवावयाचे असते.

हा क्रम खुणेच्या दृष्टीने वाचला तर एक विलक्षण गोष्ट दिसते. मनुष्याने कोंबडीवर आजवर ज्या ज्या जागी खूण केली, त्या त्या जागा या साखळीवर एकामागून एक नाहीशा होतात. रंगविलेला पंख व रंगावरून पडलेले नाव पिसांबरोबर जाते. तुऱ्यावरची ओळख डोक्याबरोबर जाते. चिंधी, कडे, छाटलेले नख, पडद्यावरचे छिद्र ही सारी पायाबरोबर जातात. उरते ते सोललेले, पांढुरके, एकमेकांसारखे दिसणारे शरीर. बैलाच्या वा मेंढराच्या सांगाड्यावर शाईचा शिक्का मारता येतो; कोंबडीच्या दीड किलोच्या देहावर, तोही ताशी हजारोंच्या संख्येने जात असताना, ते व्यवहार्य नसते.

म्हणून येथे ओळख शरीरावरून उचलून काळावर ठेवली जाते. एका शेडची तुकडी सलग टांगली जाते आणि पुढच्या शेडची सुरू होण्यापूर्वी काही आकडे मुद्दाम रिकामे सोडले जातात. घड्याळातील वेळ व रिकाम्या आकड्यांची फट हीच दोन गावांमधील शिव. जोपर्यंत साखळी अखंड आहे तोपर्यंत हा हिशेब चोख राहतो. तो बिघडतो थंड पाण्याच्या टाकीत. मागून शिरलेला देह आधी बाहेर येऊ शकतो. फट पुसट होते. पुढे वजनाच्या निवडीत एका तुकडीचे पक्षी वेगवेगळ्या पेट्यांत जातात, आणि काळीज, कलेजी, पेटा हे भाग तर केव्हाच देहापासून सुटून त्यांचे स्वतंत्र पाकीट झालेले असते. शेवटी पाकिटावर जो तुकडीक्रमांक पडतो तो पुष्कळदा एका शेडचा नसून एका पाळीचा वा दिवसाचा असतो. केंद्राच्या वहीतून मागे जाऊन ‘या दिवशी या या शेडांचे पक्षी होते’ इथवर पोहोचता येते. ‘हा पक्षी या शेडचा’ असे म्हणता येईलच असे नाही.

हे अपरिहार्य आहे काय, असा प्रश्न येथे उद्भवतो. फ्रान्समधील ब्रेस प्रांताची कोंबडी या संदर्भात नेहमी पुढे येते. तिच्या नावाची भौगोलिक हद्द १९३६ मध्ये न्यायालयाने आखून दिली आणि १९५७ मध्ये स्वतंत्र कायद्याने त्या नावाला संरक्षण मिळाले. तेथे पाळणाऱ्याचे नाव व पत्ता असलेले कडे पक्ष्याच्या डाव्या पायात असते आणि कापणाऱ्याची निळी-पांढरी-तांबडी मोहोर मानेशी लावलेली असते. पाय व डोके न तोडताच पक्षी विकण्याची तेथील परंपरा असल्यामुळे ही खूण गिऱ्हाइकाच्या टेबलापर्यंत जाते. खूण टिकते ती कायद्यामुळे जितकी, तितकीच कापण्याच्या रीतीमुळे. भारतात २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला भौगोलिक निर्देशनाची मान्यता मिळाली. पण कडकनाथची खरी खूण तिच्या मांसाच्या काळेपणातच आहे, यंत्राला ती उपटता येत नाही. जुन्नर-आंबेगावच्या पांढऱ्या ब्रॉयलरला यांपैकी कोणताच मार्ग खुला नाही. तिचा वंश जगभर एकच आहे, आणि सहा आठवड्यांत मातीपाण्याचा कोणताही गुण तिच्यात उतरत असेल असे म्हणता येत नाही.

चिठ्ठीवरील मजकुराचे कायदे पाहता शासनाने उगमाची व्याख्या कशी केली हे स्पष्ट होते. १९७३ च्या मांसान्न उत्पादन आदेशाने प्रक्रिया करणाऱ्याला परवाना व त्याचा क्रमांक आला. १९७७ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी उत्पादकाचे वा पॅक करणाऱ्याचे नाव व पत्ता, वजन, महिना व किंमत छापणे आवश्यक केले. २००१ मध्ये मांसाहाराची तपकिरी खूण आली: चौकोनात भरीव वर्तुळ. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा व त्याखालील विनियम ऑगस्ट २०११ मध्ये अमलात येऊन जुने आदेश मागे पडले, आणि २०२० च्या विनियमांनी वर्तुळाच्या जागी त्रिकोण आणला. या सर्व मजकुरात ‘उत्पादक’ म्हणजे ज्याने पाकीट तयार केले तो. पक्षी वाढविणारा या शब्दात बसत नाही. शब्दाची ही अडचण लहान वाटली तरी तिच्यातून मोठे परिणाम निघतात. खाणाऱ्याच्या श्रद्धेला आवश्यक ती ओळख, म्हणजे हे मांस आहे ही, सर्वांत ठळक. विक्रेत्याची ओळख त्याखालोखाल. आणि पाळणाऱ्याची ओळख चिठ्ठीबाहेर.

या बाबतीत युरोपातील व्यवहार निराळ्या दिशेने गेला. युरोपीय संघात २००४ पासून अंड्याच्या कवचावरच पालनपद्धती, देश व उत्पादक यांचा संकेत छापला जातो. तेथील घडामोडींमागे वेड्या गाईच्या रोगाने उडवलेला हाहाकार होता. महाराष्ट्राला असा धक्का फेब्रुवारी २००६ मध्ये बसला. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाची देशातील पहिली साथ निश्चित झाली आणि तेथील शेडमधील लाखो पक्षी नष्ट करण्यात आले. नवापूर जुन्नरपासून दूर. साथ येथे आलेली नव्हती. तरीही गिऱ्हाईक सर्वत्र थांबले. पाकिटावर वा पिंजऱ्यावर गावाचे नाव नसल्याने ‘हा पक्षी नवापूरचा नव्हे’ असे सांगण्याचे साधन कोणाकडेच नव्हते. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीमुळे करोना पसरतो अशी निराधार अफवा उठली तेव्हा, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लू आढळला तेव्हाही, भाव उत्पादनखर्चाच्या खाली गेले. निनावी मालाची बेअब्रूही सामायिक होते.

दुसरा परिणाम हिशेबाचा आहे, आणि तो अधिक खोल जातो. साथीत पक्षी नष्ट झाले तर भरपाई कोणाला, मालकाला की सांभाळणाऱ्याला. पिल्ले टाकताना संख्या किती होती. उचलताना वजन कोणाच्या काट्यावर झाले. मरतूक रोगाने की खाद्याच्या दोषाने. हे करारातील नित्याचे प्रश्न होत. घोड्याच्या हजेरीत जो अदलाबदलीचा संशय होता त्याचेच हे आधुनिक रूप. तेथे डाग साक्षीला होता. येथे शेडच्या दाराशी टांगलेले एक कार्ड साक्षीला असते. त्यावर दररोजची मरतूक, खाद्याच्या पिशव्या, लसीचा दिनांक आणि आठवड्याचे सरासरी वजन लिहिलेले असते. ते बहुतेक वेळा शेडवाल्याच्या घरातील कोणीतरी, पुष्कळदा शाळकरी मुलगा वा मुलगी, बॉलपेनने भरते. ओतूर वा मंचरच्या पाळणाऱ्याचे नाव पक्ष्याबरोबर जेथे लिहिलेले असते अशी या साऱ्या साखळीतील ही बहुधा एकमेव जागा.

आर्थिक इतिहासाची साधने म्हणून या कार्डांकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. पुणे पुरालेखागारात पेशवेकालीन पागांचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, आणि त्यांतून अठराव्या शतकातील घोड्यांचा रंग, वय व खोड कळू शकते. जुन्नर-आंबेगावच्या शेडमधील कार्डांना असा रुमाल नाही. तुकडीचा हिशेब मिटला की कागदाचे काम संपते; शेड धुऊन, चुना मारून, नव्या तुसाचा थर पसरला जातो आणि पुढच्या पिल्लांबरोबर नवे कार्ड येते.